कोरडं भांडं

फरशी पुसताना आडवं येत होतं म्हणून सारिकाने खाटेखालचं भांडं ओढलं, आणि ते हातात येताच तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भांडं कोरडं ठणठणीत होतं. नुसतं कोरडं नव्हे, कोरं होतं. बुडाला किमतीचं स्टिकर जसंच्या तसं चिकटलेलं, त्याचा एक कोपराही उचकटलेला नव्हता. आबांना दवाखान्यातून घरी आणल्याचा तो नववा दिवस होता, आणि हे भांडं त्यांच्या संडासासाठी आणलेलं होतं.

वना आबा म्हणजे तिचे सासरे. कापसाच्या ट्रॉलीवरून पाय सटकला, पाठीवर आदळले आणि मणका दबला. धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि तीन आठवडे पाठ टेकून पडून राहायची ताकीद देऊन सोनगीरला घरी पाठवलं. भांडं आणलं जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, नवलने, फाट्यावरच्या आपल्या मेडिकलमधून. आणलं आणि खाटेखाली सरकवून दिलं. ते धरायचं कोणी, ओतायचं कोणी, धुवायचं कोणी, हे घरात कोणी कोणाला विचारलंच नाही. सासूबाई ताईबाई गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. त्यांना वाटायचं, नवल दुकानात जायच्या आधी करून जातो. नवलला वाटायचं, धाकटा किरण करतो. किरण, म्हणजे सारिकाचा नवरा, नरडाण्याच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाणारा; त्याला वाटायचं, आई करते. लघवीची बाटली ज्याच्या हाताला येईल तो ओतत होता, त्यामुळे भांड्याचंही होतच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

आणि सारिका? तिने रोज विचारलं होतं. रोज सकाळी, भाकऱ्या थापताना, ताईबाईंना. "आबास्नं पोट साफ व्हयनं का?" आणि रोज एकच उत्तर मिळायचं, "व्हई गयं म्हनतस त्या. कितला येळा इचारशी?"

म्हणतात! तिला आता त्या शब्दाचाच संताप आला. सासूने नवऱ्याला विचारलं, नवऱ्याने हो म्हटलं, सासूने ते सुनेपर्यंत पोहोचवलं, आणि सुनेनेही मान डोलावून भाकरी तव्यावर टाकली. थेट आबांना जाऊन विचारायचं कोणी? सुनेने? सासऱ्याला? लग्नाला सहा वर्षं झाली, पण आबा सारिकाशी समोरासमोर दहा वाक्यं बोलले असतील तर शपथ. ते घरात शिरताना खाकरायचे, ती पदर पुढे ओढायची. पाणी हवं असलं तर नातीला सांगायचे, "तुनी मायले सांग, पानी आन." सारिका समोर उभी असली तरी. यात राग नव्हता, तुसडेपणा नव्हता. ही रीत होती आणि तिला सगळे मान म्हणत. त्या मानाने आता म्हाताऱ्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगवलं होतं.

तिने भांडं हातात घेतलं आणि खाटेच्या उशाशी येऊन उभी राहिली. पदर खांद्यावर पडला होता, तो तिने पडू दिला.

"आबा, खरं सांगा. कितला दिन व्हयनात?"

आबांनी मान भिंतीकडे फिरवली. ओठ कोरडे पडले होते. दोन दिवसांपासून त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बाजूला सारला होता, आणि सगळे म्हणत होते, पडून राहिल्याने भूक मेली. काल पोटात कळा येत होत्या, तेव्हा नवलने दुकानातून मुरड्याची गोळी आणून दिली. कळा थांबल्या. नवल म्हणाला, बघा, उतार पडला.

"आबा!"

"घर उना तधयपाईन," आबा भिंतीला म्हणाले. घरी आल्यापासून. "तू सून शे. तुना हातमा ते भांडं कसं देऊ? म्हनीसन खानंच कमी करं."

सारिकाला एकाच वेळी रडू आलं आणि त्या भांड्याने सगळ्या घराची डोकी फोडावीत असं वाटलं. ती खाली बसली, आबांच्या अंगावरची गोधडी सरकवली आणि कान सरळ त्यांच्या पोटाला लावला. ताईबाई दारात येऊन "अवं काय करस!" म्हणून ओरडल्या. शेजारच्या आळीत तांबटांची ठोकाठोक चालली होती, काही ऐकू येईना. "ती खिडकी लावा आधी!" सारिका म्हणाली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सासूने सुनेचं मुकाट ऐकलं. खिडकी लागली. सारिकाने श्वास धरला. पोट ताणलेलं होतं, गरम होतं आणि गप्प होतं. गुडगुड नाही, कुरकुर नाही, काहीच नाही. जेवण करून पडलेल्या कुठल्याही माणसाच्या पोटात जो संसार चालू असतो, तो इथे बंद पडला होता.

तिने उशाखालची कागदी पिशवी उलटी केली. दुखण्याची जड गोळी, ती हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली. त्यांच्याच चिठ्ठीवर खाली पोट साफ राहण्याचं पातळ औषधही लिहिलं होतं, आणि त्यावर पेनाने आडवी रेघ मारलेली होती. दुसरी गोळी वारंवार लघवी होऊ नये म्हणून घ्यायची. तिसरी कालची, मुरड्याची. शेवटच्या दोन कुठल्याही चिठ्ठीवर नव्हत्या.

नवलला निरोप गेला. तो फाट्यावरून मोटरसायकलने आला, हातात जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी घेऊनच.

"ही रेघ कोणी मारली, भाऊ?" सारिकाने विचारलं.

"मी मारी," नवल म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं. "त्यास्ना मणका दबायेल शे. जुलाबनं औषध दिधं तर दिनमा चार येळा उचलनं पडी. कोन उचली? लघवीले बी घडीघडी बाटली लागे, म्हनीसन ती गोळी चालू करी. आते बठ्ठा आरामशीर शे ना?"

आरामशीर! सारिकाने त्याच्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर त्याला दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. त्याने बापाला त्रास नको म्हणून, आणि बापाचा त्रास आपल्याला नको म्हणून, एकेक सोय केली होती, आणि त्या सोयींनी बाप मरणाच्या दारात नेऊन ठेवला होता.

"आते या दोन गोळ्या देस, सांजले मोकळं व्हई जाई," नवलने पट्टी फाडायला घेतली.

तिने ती त्याच्या हातातून हिसकावली. "वाट बंद असताना मागून जोर लावता? आतडं फाटेल! गाडी बोलवा."

नवलचं तोंड उघडंच राहिलं. धाकट्या भावाची बायको त्याच्यावर ओरडली होती, डोक्यावर पदर नसताना, भर दुपारी, आणि ओसरीपलीकडे दोन शेजारणी उभ्या असताना. त्याने आईकडे पाहिलं. ताईबाई आबांकडे पाहत होत्या. आबांनी तेवढ्यात हिरवट पाण्याची उलटी केली, आणि नवलने खिशातून मोबाइल काढला. गावातल्या तोतारामची भाड्याची जीप दहा मिनिटांत दारात आली.

सोनगीर ते धुळे रस्ता सरळ आणि मोठा आहे, तरी मागच्या बाकावर आडवे केलेले आबा प्रत्येक धक्क्याला कण्हत होते. ताईबाईंनी विचारलं, "पन व्हयनं काय त्यास्ले?" आणि सारिकाने सांगितलं. सांगताना तिचे दात आवळलेले होते.

तिने डी.फार्म. केलेलं होतं, जळगावला, दुसऱ्या नंबराने. आतड्याच्या भिंतीत नसांचं स्वतःचं जाळं असतं, हे तिला तेव्हापासून पाठ होतं. मेंदूला न विचारता चालणारं. घास पुढे ढकलायचा झाला की एक नस आपल्या टोकाशी रसायनाचा थेंब सोडते. समोरच्या स्नायूवर त्या थेंबासाठी ठरलेली जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. थेंब त्या जागेवर बसला की स्नायू आवळतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि अन्न सरकत जातं. दुखण्याची जड गोळी मेंदूतल्या आपल्या जागी जाऊन बसते म्हणून दुखणं कमी होतं. पण तसल्याच जागा आतड्यातल्या नसांवरही असतात. तिथेही ती बसते, आणि नस थेंब सोडायचं कमी करते. म्हणून तर डॉक्टर त्या गोळीबरोबर पोट साफ ठेवणारं औषध लिहून देतात, ज्यावर रेघ मारायची नसते. लघवीची गोळी दुसऱ्या टोकाला काम करते. ती मूत्राशयाच्या स्नायूवरची जागा अडवून बसते, थेंबाला बसूच देत नाही. तीच जागा आतड्याच्या स्नायूवरही असते. आणि मुरड्याची गोळी? तीही तेच करते. कळ म्हणजे अडकलेल्या आतड्याची शेवटची धडपड होती. नवलने तीही बंद पाडली.

"म्हणजे एका गोळीने बोलणाऱ्याचं तोंड बांधलं," सारिका म्हणाली, "आणि दोन गोळ्यांनी ऐकणाऱ्याच्या कानात बोळे घातले. आपल्या घरात चालतं ना, अगदी तसंच."

ताईबाईंनी पदर तोंडाला लावला. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेला नवल काचेतून रस्ता पाहत राहिला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, झपाझप चालणारी, तिखट बोलणारी. आबांच्या नाकातून नळी घातली, सलाइन लावलं, रक्त घेतलं, फोटो काढले. फोटोत आतडं गाडीच्या ट्यूबसारखं फुगलेलं दिसत होतं. कुठे गाठ नाही, पीळ नाही, नुसतं सुस्त पडलेलं, असं ती म्हणाली. मग तिने गोळ्यांची कागदी पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक पाकीट उचलून पाहिलं. पाहता पाहता तिचा चेहरा लाल झाला.

"या वयाच्या माणसाला, ही चालू असताना, ही? आणि वरून ही? कोणी दिल्या?"

"मेडिकलवरून घेतल्या," नवल हळूच म्हणाला. मेडिकल कोणाचं, ते त्याने सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी उलटी केली. पिशवीवर दुकानाचं नाव छापलेलं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ, दुकानाचा परवाना ज्या नावावर चालतो त्या नावाची. ती त्यांनी मोठ्याने वाचली. "फार्मासिस्ट, सौ. सारिका किरण देसले. कोण ही बाई? हिला अक्कल आहे का? हिच्या हातात दुकान कोणी दिलं?"

नवल फरशी पाहत होता. सारिका त्याच्याकडे पाहत होती. एक क्षण, दोन क्षण, पुरता मिनिटभर ती वाट पाहत होती की हा माणूस तोंड उघडेल. त्याने मूग गिळले ते गिळलेच.

"मीच ती," सारिका म्हणाली.

पुढचं सगळं तिने उभ्याने ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाई जे बोलल्या त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यातला एकही तिच्या वाट्याचा नव्हता. लग्न ठरताना हेच तर सांगितलं होतं, आपलं दुकान आहे, पोरगी शिकलेली, बसेल की दुकानात. लग्न झालं, तिचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये घालून गल्ल्यामागच्या भिंतीवर लागलं, आणि ती चुलीपुढे बसली. घर लावून झालं की ये. पोर झाली की ये. पोर शाळेत गेली की ये. आता पोर शाळेत जायला लागली होती. नाव सहा वर्षं दुकानात बसलं होतं, बाई एक दिवसही नाही. आणि ते नाव तिथे लटकवू दिलं कोणी? तिने. तेव्हा अवाक्षर काढलं नाही. सासऱ्याला पोट विचारायला जशी लाजली, तशीच. राग नवलवर होता तेवढाच तो स्वतःवरही होता, आणि स्वतःवरचा जास्त जाळत होता.

"सगळ्या गोळ्या बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांचा अंमल उतरू दे. उद्या दुपारपर्यंत नुसतं पाहू. आतडं हललं नाही तर एक इंजेक्शन देऊ. तेही चाललं नाही तर पोट उघडावं लागेल. त्यांचं वय पाहता मी खात्री देत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आबांचं पोट आणखी दोन बोटं वाढलं. किरण कारखान्यातून सुट्टी काढून आला आणि बापाच्या पायाशी बसून राहिला. कोणीतरी सारखं जवळ राहून, वारा सरला की वेळ लिहून ठेवायची, असं सिस्टरने सांगितलं, आणि किरण, नवल, ताईबाई तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. सारिकाने वही घेतली आणि खाटेशेजारी स्टूल ओढलं. "मी बसते," ती म्हणाली. पदर खांद्यावरच होता.

इंजेक्शन दिलं तेव्हा छातीला तारा लावलेल्या होत्या आणि डॉक्टरीणबाई स्वतः पडद्यावरची रेघ पाहत उभ्या होत्या. हे कसलं इंजेक्शन, ते सारिकाला ठाऊक होतं. नस जो थेंब सोडते तो लगेच मोडून जातो. हे औषध त्याला मोडू देत नाही. थेंबाला थेंब जोडला जातो आणि बंद कानांवर जोराने थापा पडतात. आबांच्या कपाळावर घाम आला, तोंडाला पाणी सुटलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. सारिकाचा हात वहीवर होता.

चौदाव्या मिनिटाला आबांनी डोळे उघडले. नातीला शोधलं नाही, बायकोला हाक मारली नाही. सरळ सुनेकडे पाहिलं.

"सारिका!" ते ओरडले. नावाने. अख्ख्या वॉर्डाने माना वळवल्या. "वारा सरकना वं, पोरी! लिख! आनि ते भांडं आन लवकर!"

तिने वेळ लिहिली, दोन वाजून एकतीस मिनिटं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पडद्याआड किरणने बापाला कुशीवर आधार दिला आणि तिने भांडं धरलं. आबांनी हूं की चूं केलं नाही. बाहेर ताईबाई हसत होत्या आणि रडत होत्या. कोपऱ्यातला एक पेशंट टाळ्या वाजवायला लागला. नवलही हसला, आणि भांडं घेऊन बाहेर आलेल्या सारिकाला म्हणाला, "चला, निभावलं बुवा."

तिने ते भांडं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धुवून आणा."

आठ दिवसांनी आबा घरी आले. त्याच्या दुसऱ्या सकाळी सारिका पोरीला शाळेत सोडून फाट्यावरच्या दुकानात गेली. गल्ल्यामागे फ्रेम होती, काचेवर धूळ, आत तिचा लग्नाआधीचा फोटो. फ्रेमखाली स्टुलावर नवल होता. तिने खुंटीवरून फ्रेम काढली, पदराने काच पुसली आणि काउंटरवर ठेवली.

"ही मी घरी नेली तर आज शटर ओढावं लागेल. ही भिंतीवर राहिली तर तिच्याखाली मी बसेन. चिठ्ठी मी पाहीन, गोळी मी देईन. तुम्ही माल आणा, हिशेब ठेवा, काय हवं ते करा. बोला."

"लोके काय म्हनतीन?" नवल म्हणाला.

"दवाखान्यात डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना? ते मला ऐकावं लागलं, भाऊ. तुम्ही तिथेच उभे होता."

नवलचा चेहरा उतरला. तो स्टुलावरून उठला, फ्रेम पुन्हा खुंटीला अडकवली, सरळ केली, आणि मागे खोक्यांच्या रांगेपाशी जाऊन उभा राहिला. सारिका बसली. स्टूल उंच होतं, तिचे पाय लोंबकळले.

पहिली आली ती खालच्या गल्लीतली भागाबाई, पोटावर हात धरून. तिच्या मागे गावातलाच मगन, आणखी दोघं. भागाबाईने सारिकाकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या नवलकडे. "नवल, पोटमा कळा येतस. ती मुरडानी गोळी दे दोन."

नवलचा हात सवयीने फळीकडे गेला. सारिकाने मान वळवून पाहिलं, तसा तो खाली आला.

"अक्का, पोट कधय साफ व्हयनं?" सारिकाने विचारलं. खणखणीत आवाजात, रस्त्यावर ऐकू जाईल असं.

भागाबाई गोरीमोरी झाली. पदराचं टोक तोंडात धरलं, मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "व्हस ना... रोज व्हस."

"अक्का."

भागाबाई पायाकडे पाहत अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पाच दिन व्हयनात."

मागे मगन फिसकन हसला. सारिकाने मुरड्याच्या गोळ्यांचं खोकं उचलून खालच्या कप्प्यात टाकलं, कप्पा बंद केला आणि त्याच्याकडे वळली.

"हसू नका, मगन भाऊ. पुढचा नंबर तुमचा शे. तुम्हाले बी हाईच इचारसू."